ऐकू आलं नाही तर दिवा घालवायचा

लावू की दुसरी काच. काच आपल्याच दुकानातली, कारागीर मी सांगेन तो. ही छतातली खिडकी बसवली तेव्हा तुमची मामी म्हणाली होती, वरच्या खोलीत उजेड येईल. उजेड आला, आणि पाऊस आला की डोक्यावर कुणी खडे ओततंय असंही वाटायला लागलं. झोप मोडते म्हणता ते खोटं नाही. माझीही मोडते.

पण आधी एक गोष्ट ऐका. तो मोबाईल उलटा ठेव रे, तोंडावर उजेड पडला की तूच भूत दिसतोस. आणि तू हसू नकोस. मघाशी जिन्यातला दिवा गेला तेव्हा कोण किंचाळलं, ते मला माहीत आहे.

ही माझ्या ओळखीतल्या माणसाची गोष्ट. ऐकीव नाही. काच मी दिली होती.

दोघे साडू होते. सख्ख्या बहिणींचे नवरे. थोरलीच्या नवऱ्याला सगळे कानसेन म्हणायचे आणि धाकटीच्या नवऱ्याला ठोक्या. ही नावं त्यांना धंद्याने चिकटली. छतातल्या खिडक्यांमधून येणारा आवाज बंद करून द्यायचा, हा त्यांचा धंदा. आधी मीही हसलो होतो, की लोक काय वाट्टेल त्याला दुकान म्हणतात. पण रस्त्याकाठी राहणारे, दिवसा झोपणारे, तान्ही मुलं असलेले, सगळे त्यांच्याकडे जायचे.

पाऊस स्वतः आवाज करत नाही, हे मला ठोक्याने शिकवलं. आवाज काच करते. थेंब आपटला की काच थरथरते आणि ती थरथर खोलीत उतरते. म्हणून ते वरून बारीक तारेची जाळी ताणायचे. थेंब जाळीवर फुटायचा आणि त्याचा भुगा काचेवर पडायचा. मग आतून दुसरी काच, पहिलीपासून वीतभर अंतर सोडून, आणि जाडीला वेगळी, म्हणजे दोघी एका सुरात थरथरत नाहीत. कडेने रबर बसवून फटी सिलिकॉनने बुजवायच्या, आणि ठोक्या त्यावरून ओलं बोट एकदाच ओढायचा, की काम गुळगुळीत. सुईएवढी फट राहिली तरी सगळा रस्ता घरात येऊन बसतो, असं म्हणायचा तो.

काम झालं की दोघे ते तपासून बघायचे. कानसेन खाली पलंगावर उताणा पडायचा, बरोबर खिडकीखाली. ठोक्या कपाळाला बॅटरी बांधून छपरावर चढायचा आणि जाळी सरकवून काच बडवायचा. मुठीने बडवायचा, ओरडायचा, शिव्या द्यायचा. मोठ्या साडूला मनसोक्त शिव्या देता येतील अशी जगात ती एकच जागा, असं तो मला डोळा मारून सांगायचा. आता काम चोख झालं असेल तर याचा आवाज त्याला नाही आणि त्याचा याला नाही. आतली काच दुधी, त्यामुळे तोंडही दिसत नाही. मग कळवायचं कसं? दिव्याने. खोलीतला दिवा चालू ठेवून सुरुवात करायची. बडवणं ऐकू आलं, तर दिवा तसाच. म्हणजे फट आहे, आणखी बडव. ऐकू आलं नाही, तर दिवा घालवायचा. म्हणजे काम झालं, उतर खाली.

एवढं नीट लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्यावर आहे.

कानसेनाने स्वतःच्या घरात वरची खोली नमुना म्हणून ठेवली होती. गिऱ्हाइकाला तिथे पलंगावर झोपवायचा आणि म्हणायचा, ऐका, काय ऐकू येतंय? एका लॉजच्या मालकाने त्याला सगळ्या वरच्या खोल्यांचं काम देऊ केलं होतं. बुधवारी सकाळी तो नमुना बघायला येणार होता. म्हणून मंगळवारी संध्याकाळी मी नवी दुधी काच घेऊन गेलो. टेम्पोतून उतरवताना ठोक्या म्हणाला, "काका, हळू. ही फुटली तर माझे मोठे साडू मलाच छतात बसवतील."

कानसेन वरून ओरडला, "तोंड चालवण्यापेक्षा हात चालव."

दोघांच्या बायका त्या रात्री धाकटीकडे होत्या, दोन गल्ल्या पलीकडे. घरात हे दोघेच. काच बसेपर्यंत दहा वाजून गेले, आणि पावसाने नुसता कहर मांडला होता. ठोक्या म्हणाला, "उद्या पहाटे बघू या ना. पत्रा शेवाळलाय." कानसेन म्हणाला, "उद्या असला पाऊस तुझा बाप पाठवणार आहे का? चढ."

तो चढला.

यापुढचं मला कानसेनाने स्वतः सांगितलं. कधी आणि कसं, ते येईलच.

तो पलंगावर पडला. दुधी काचेवर बॅटरीचा उजेड आला, पिवळट ठिपका. ठिपक्याच्या बाजूला मूठ उठायची, पडायची. आवाज शून्य. ना पावसाचा, ना रस्त्याचा, ना साडूचा. इतकं चोख काम त्यांच्या हातून कधी झालं नव्हतं. खूश होऊन त्याने हात लांब केला आणि दिवा घालवला.

आता ठिपका हलायला हवा होता. शिडीकडे, डावीकडे. तो हलला नाही. खाली घसरला, काचेच्या खालच्या कडेला, आणि तिथे नाचायला लागला. वर, खाली, आडवा. मूठ पडतच होती. आधीपेक्षा जोरात, आधीपेक्षा भरभर.

कानसेन हसला. अंधारात एकटाच. म्हणाला, "शाब्बास रे!"

वर काय चाललं होतं, ते मी मागाहून जुळवलं. उतरायला वळताना शिडी सरकून पडली होती. ठोक्याचा पाय पत्र्यावरून सुटला आणि एका हाताने त्याने खिडकीची चौकट धरली. पाय पन्हळीपलीकडे लोंबत होते. दुसऱ्या हाताने तो काच बडवत होता. आणि ओरडत असणारच. जिवाच्या आकांताने. मागच्या बाजूला बंद गोदाम होतं, तिकडून कोण येणार? चार हातांवर एक माणूस होता, त्याचा सख्खा साडू, काचेखाली पडलेला. आणि त्या माणसाने त्याच्यासमोर दिवा आधीच घालवला होता.

किती वेळ? कानसेनालाही नीट सांगता आलं नाही. "बराच," म्हणाला. दिवा घालवल्यावरही माणूस बडवतोय, हे विचित्र नाही वाटलं त्याला? वाटलं, म्हणाला. उठून बघावं असंही मनात आलं. पण अंथरूण ऊबदार होतं, बाहेर पाऊस होता. वाटलं, मस्करी करतोय.

उठायचा कंटाळा आला त्याला. बाकी काही वैर नव्हतं, भांडण नव्हतं. वैर असतं तर मला बरं वाटलं असतं, खरं सांगतो.

मग ठिपका सावकाश खाली सरकला आणि गेला. कानसेन कूस बदलून झोपला. कित्येक महिन्यांत लागली नव्हती अशी झोप लागली, असं तो म्हणाला.

ठोक्या सकाळी दूधवाल्याला दिसला. मागच्या फरशीवर.

धाकटीला कानसेनाने काय सांगितलं असेल? दिवा घालवला आणि लगेच झोपलो. तो उतरून घरी गेला असेल असं समजलो. क्षणात गेला तो, त्याला कळलंही नसेल, त्रास झाला नाही. रडलाही तिच्यासमोर. ते रडणं खोटं होतं असं मी म्हणणार नाही, पण ते ठोक्यासाठी नव्हतं.

इथपर्यंत ठीक होतं. म्हणजे ठीक नव्हतं, पण माणसं अशी वागतात. खरा नीचपणा पुढे आहे. पंधरा-वीस दिवसांनी लॉजचा मालक पुन्हा आला. पलंगावर पडला, छताकडे बघितलं आणि म्हणाला, "आत्ता पाऊस नाही, वारा नाही. खात्री कशी पटायची?" तर हा काय म्हणाला असेल?

म्हणाला, "साहेब, माझा साडू याच काचेवर मुठी आपटत मेला. मी इथे, तुमच्या जागी पडलो होतो. टाचणी पडावी एवढाही आवाज आला नाही."

काम मिळालं त्याला.

असल्या गोष्टीला पाय फुटतात. दोन दिवसांत ती धाकटीच्या कानावर गेली. ती सरळ त्याच्या घरी आली. थोरली चहा टाकायला उठली, तर ही म्हणाली, "ताई, बस. चहा नको. भाऊजी, एकच विचारते. ह्यांनी मुठी आपटल्या, हे तुम्हाला कसं कळलं? आवाज तर आला नव्हता."

कानसेन म्हणाला, "अगं, गिऱ्हाइकाला बोलायची पद्धत असते ती."

"मी रागावणार नाही. पोलिसांत जाणार नाही. ताईची शपथ. मला रोज रात्री तेच डोक्यात येतं, की त्यांनी हाक मारली असेल का, किती वेळ मारली असेल. तुम्हाला काही दिसलं असेल तर सांगा. मला खरं कळलं की मी झोपेन."

बघा, एवढंच मागितलं होतं तिने. एक वाक्य. आणि या गृहस्थाने कानावर हात ठेवले. म्हणाला, "मला काही दिसलं नाही, काही ऐकू आलं नाही." ती उठून गेली. थोरलीने त्या दिवसापासून वर झोपणं सोडलं. नवऱ्याशी बोलायची, जेवायला वाढायची, पण वर जायची नाही.

त्याच रात्री पहिल्यांदा ठोका आला.

तीन ठोके, बोदे, मुठीचे. कानसेन उठून बसला. त्याला पहिल्यांदा काय वाटलं असेल सांगा? भीती नाही. रबर सुटलं, असं वाटलं. धंद्याचा माणूस! दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात आला आणि म्हणाला, आणखी एक काच द्या. मी म्हटलं, "तिसरी? दोन पुरतात की रे." तर म्हणाला, "पाऊस फार आहे, काका."

त्या आठवड्यात टिपूसही पडला नव्हता.

तिसरी काच लावली. कडा बुजवल्या, वर पट्टी मारली. रात्री पुन्हा तीन ठोके. आधीपेक्षा स्पष्ट. आधीपेक्षा जवळून. दिवसा त्याने खुर्चीवर चढून काचांना कान लावला. काही नाही. खाली बायकोला विचारलं, "रात्री काही वाजलं का?" ती म्हणाली, "मला कुठे काय ऐकू येतं? या घरात कुणालाच काही ऐकू येत नाही."

झोपलेल्याला जागं करता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही, हे तुम्ही ऐकलं असेल. तेच झालं होतं. त्याला कळत होतं, कोण ठोकतंय. काय मागतंय, तेही कळत होतं. दोन गल्ल्या चालत जायचं आणि तिला एक वाक्य सांगायचं. पण तो रोज आणखी रबर आणायचा.

मग आली शनिवारची रात्र. साडेदहाच्या सुमाराला त्याने मला फोन केला. सोमवारी चौथी काच मिळेल का म्हणून. नीट बोलला. मी जे विचारलं त्याचं नीट उत्तर दिलं. हे लक्षात ठेवा, त्याचे कान तेव्हा ठणठणीत होते.

पावणेबाराला ठोके सुरू झाले.

दार आतून बंद. दिवा चालू. तो पलंगावर, उताणा.

तीन ठोके. थांबले. पुन्हा तीन.

पुन्हा तीन.

मग आवाज आला. साडूचा. ओरडून नाही. अगदी साधा, कामावर असताना विचारायचा तसा.

"येतंय का ऐकू?"

...

कानसेनाने पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं.

"येतंय का?"

अरे, दिवा तसाच ठेवायचा होता! दुसरं काही करायचं नव्हतं. हात हलवायचा नव्हता, तोंड उघडायचं नव्हतं. दिवा चालू म्हणजे ऐकलं. मेलेल्या माणसाला तेवढंच हवं होतं. एकदा, कुणीतरी, ऐकलं म्हणावं. मला आजही त्या माणसाचा इतका राग येतो, की... पाणी दे जरा.

कानसेनाने हात लांब केला.

दिवा घालवला.

ठोके थांबले. एकदम. खोलीत शांतता. अगदी नमुन्याची. तो मला म्हणाला, "काका, मला हसू आलं. वाटलं, फसवला." आणि मग त्याला आठवलं. दिवा घालवला, याचा त्या दोघांत अर्थ काय होता...

काय रे? बोल की.

"उतर खाली."

हो.

काचेवर काहीतरी सरकलं. डावीकडे. शिडीच्या बाजूला. शिडी नव्हती तिथे, थोरलीने ती केव्हाच मोडून टाकली होती. पण शिडी कुरकुरली. एक पायरी. दुसरी.

मग काही नाही.

मग खालचा जिना. घरातला.

सावकाश. ओल्या पायांनी.

त्याने दिव्याकडे हात नेला. बटण दाबलं. पुन्हा दाबलं. दिवा लागला नाही.

दार उघडल्याचा आवाज आला नाही. कडीचा नाही. पण पाणी टपकायला लागलं. खोलीच्या आत. दाराजवळ... मग खुर्चीजवळ... मग पलंगाजवळ. त्याने ओरडायला तोंड उघडलं.

गादी दबली. त्याच्या डोक्याशी. कुणीतरी बसलं.

आणि कानाला बोट लागलं. गार.

"मामा, पुरे."

आता पुरे कसं? आता तर संपलंच. त्यानंतर त्याने काहीच ऐकलं नाही.

सकाळी थोरलीने हाका मारल्या, दार वाजवलं, शेजाऱ्यांना बोलावून कडी तोडली. तो पलंगावर बसलेला, डोळे उघडे, एकटाच मोठमोठ्याने बोलत. दवाखान्यात नेला. मी पोचलो तेव्हा डॉक्टरांनी त्याचे कान मोकळे केले होते. पडदे शाबूत, नसा शाबूत, सगळं जिथल्या तिथे. पण ऐकू शून्य. कानाशी थाळी वाजवली तरी ढिम्म. त्याने मला ती रात्र सांगितली, आणि आधीचीही, ठिपक्याची. ओरडून ओरडून सांगितली. स्वतःचा आवाजही त्याला येत नव्हता ना. बाहेरच्या बाकांवरची माणसं उठून दाराशी आली.

धाकटीही दाराशीच होती. तिने सगळं ऐकलं.

ती आत आली. त्याने तिला पाहिलं आणि हात जोडले. ओरडला, "दिसलं होतं गं मला! बराच वेळ दिसत होतं! मी उठलो नाही!" तेच तेच, रडत. ती त्याच्या समोर उभी राहिली आणि बोलली. शांतपणे, न थांबता, बराच वेळ. नवरा गेल्यापासून साठवलेलं सगळं बोलली. तो तिच्या तोंडाकडे बघत होता आणि विचारत होता, "काय म्हणतेस? काय म्हणालीस? मोठ्याने बोल ना." माफ केलं की शाप दिला, त्याला कळेना. मी खिशातून पेन काढून तिच्यापुढे धरलं. तिने पेनाकडे पाहिलं, मान हलवली आणि निघून गेली.

काय बोलली, ते मी ऐकलंय. तुम्हाला सांगणार नाही. ते ज्याच्यासाठी होतं त्यालाच मिळालं नाही, तर तुम्हाला कशाला?

पुढे तो बारा-तेरा वर्षं जगला. दिसेल त्याला विचारायचा, ती काय म्हणाली होती? मलाही विचारायचा. मी हसून हात हलवायचो.

आता कानाचं राहिलं. डॉक्टरांनी कानांतून जे काढलं, ते एका स्टीलच्या वाटीत ठेवलं होतं. मी पाहिलं. दोन राखाडी बोंडं. सिलिकॉन, फटी बुजवायचं. मी ते दुकानात विकतो, मला ओळखायला नको. तेवढ्या जाडीचं सिलिकॉन आतपर्यंत वाळायला दोन दिवस लागतात. रात्री साडेदहाला हा माणूस माझ्याशी फोनवर बोलला होता, आणि वाटीतली बोंडं दगडासारखी घट्ट होती. आत पडद्यापर्यंत भरलेली, कुठे हवेचा एक बुडबुडा नाही. बाहेरच्या बाजूला ओल्या बोटाने एकदाच ओढून गुळगुळीत केलेली.

डॉक्टर तरुण होते, त्यांना काही माहीत नव्हतं. वाटी उजेडात तिरकी धरून म्हणाले, "कुणी केलं असेल हे? हात फार साफ आहे माणसाचा."